गच्चीवरच्या बागेचं पहिलं वर्ष: परवानगीपासून पेरूपर्यंत

आमच्या सोसायटीला मी पहिला अर्ज दिला तो जून २०२३ मध्ये. विषय होता ‘गच्चीवर कुंड्यांमध्ये भाजीपाला व फळझाडे लावण्यास परवानगी मिळणेबाबत’. प्रत्यक्ष बी मातीत पडलं ते ऑक्टोबरात. मधले महिने कागद, सह्या आणि वजनाचे हिशेब यांत गेले. बागकामाची माहिती हवी तेवढी मिळते. पण मुंबईत सहकारी सोसायटीत राहणाऱ्या माणसाला बी पेरण्याआधी काय काय पार पाडावं लागतं, हे मला सलग कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे.

आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो, राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणापासून फार लांब नाही. सात मजली इमारत, १९९४ सालची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये ऊन येतं ते सकाळी जेमतेम दोन तास. तेवढ्यावर पुदिना, ओवा आणि गवती चहा छान येतात. पालेभाज्यांना मात्र तीन-चार तास आणि टोमॅटो, वांगी, भेंडी यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. गच्चीला पर्याय नव्हता. आणि गच्ची कुणा एकाची नसते, सगळ्या सभासदांची असते.

अर्ज दिल्यावर सचिवांनी घरी बोलावून घेतलं. माणूस शांत, पण स्पष्ट. म्हणाले, “वहिनी, भाजीला कुणाची ना नाही. पण सातव्या मजल्यावर गळलं तर पहिला फोन मला येतो.” पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा गाभा या एका वाक्यात होता. गच्चीवर बाग करायची म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरच्या छतावर बाग करायची. ते छत कोरडं राहील याची हमी देता आली, की बाकीचं सगळं जमतं.

समितीने जुलैमध्ये लेखी कळवलं की हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागेल. तारखांचं गणित इथे समजून घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना सभासदांना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. आपला विषय छापील विषयपत्रिकेवर यायला हवा असेल, तर त्याआधी अर्ज समितीच्या हातात पडलेला हवा आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतलेली हवी. ‘आयत्या वेळचे विषय’ यावर भिस्त ठेवू नका. एखाद्याने हरकत घेतली, की गोष्ट थेट पुढच्या वर्षावर जाते.

सभेआधी मी सातव्या मजल्यावरच्या दोन्ही घरी जाऊन आले. तिथल्या एका काकूंच्या बेडरूमच्या छताला पूर्वी ओल होती. २०२२ मध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केल्यावर ती थांबली. त्यांनी मला ते रंगवलेलं छत दाखवलं आणि म्हणाल्या, “अगं, तीन पावसाळे मी इथे बादली ठेवून झोपले आहे.” त्यांची भीती खरी होती. मी तिथेच ठरवलं, की या काकूंनी मनापासून ‘हो’ म्हटल्याशिवाय एक कुंडीसुद्धा वर न्यायची नाही. त्यांनी संमतीपत्र दिलं ते एका अटीवर: पावसाळ्यात त्या बोलावतील तेव्हा मी येऊन त्यांचं छत बघायचं. ही अट मला सगळ्यांत आवडली.

२७ ऑगस्टच्या सभेत बराच वेळ चर्चा झाली. डास, माकडं, टाकीचं पाणी, ‘उद्या सगळ्यांनी मागितलं तर?’, ‘भाजी कोणाची?’ असे प्रश्न आले. शेवटी तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्या कंत्राटदाराचं पत्र जोडण्याच्या अटीवर. कंत्राटदाराचं पत्र कशाला? तर त्याने दहा वर्षांची हमी दिली होती, आणि गच्चीत कुठेही खिळा ठोकला किंवा भोक पाडलं तर ती हमी रद्द होणार होती. माझ्या बागेत जमिनीला, कठड्याला काहीही ठोकायचं नाही, असं ठरलं. वेलांचे मांडव ड्रमच्याच मातीत बांबू रोवून उभे केले.

इंजिनिअर सप्टेंबरमध्ये आले. त्यांची फी ७,००० रुपये, ती मी भरली. त्यांनी आधी २०२१ च्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितला. (पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा करायचं असतं, त्यामुळे सोसायटीच्या कपाटात तो असायला हवाच.) मूळ नकाशे मात्र सापडले नाहीत. मग त्यांनी सातव्या मजल्यावरच्या घरांमध्ये जाऊन छताखालचे बीम पाहिले, मोजमापं घेतली आणि वर येऊन खडूने त्यांच्या रेषा गच्चीवर ओढून दिल्या. मी त्या रेषांचे लगेच फोटो काढून ठेवले. पुढे प्रत्येक जड वस्तू त्या फोटोंकडे बघून ठेवली.

वजनाचं गणित त्यांनी मला कागदावर करून दाखवलं, ते इथे देते, कारण याबद्दल गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येकाला माहिती हवी. जाण्या-येण्याची सोय असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो. यात माणसं, सामान, सगळं आलं. आता ओली माती घ्या. एका घनमीटरचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास जातं. गच्चीवर सलग एक फूट मातीचा वाफा केला, तर चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर भार होतो, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त. चित्रांत दिसणारे विटांचे वाफे जुन्या इमारतीवर का करायचे नाहीत, ते या एका हिशेबात कळतं.

माझ्या वाट्याला पूर्वेकडची सुमारे तीनशे चौरस फूट जागा आली. त्यांच्या पत्राप्रमाणे १५ बाय १५ इंचांच्या पिशव्या मोकळ्या अंतरावर कुठेही चालतील, अर्धे ड्रम मात्र फक्त बीमच्या रेषेवर किंवा कॉलमच्या डोक्यावर. अशा एका पिशवीत साधारण ४३ लिटर माल मावतो. निव्वळ लाल माती भरली तर भिजल्यावर पिशवी पाऊणशे किलोंवर जाते, हलकं मिश्रण भरलं तर चाळिसाच्या आत राहते. २०० लिटरचा ड्रम मधोमध कापून केलेल्या कुंडीचं वजन हलक्या मिश्रणानेही शंभर किलोंच्या घरात जातं, आणि ते सगळं पाव चौरस मीटरवर येतं. म्हणून ड्रम चारच ठेवायचे, असं ठरलं.

मग १०० रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र, नोटरी, आणि १०,००० रुपये परत मिळण्याजोगी अनामत. हमीपत्रातल्या अटी: परवानगी एका वर्षाची, पंधरा दिवसांच्या सूचनेने ती रद्द होऊ शकते, टाकीची शिडी आणि लिफ्टच्या खोलीची वाट मोकळी ठेवायची, टाकीच्या नळाला नळी लावायची नाही, गळती झाली आणि ती बागेमुळे असल्याचं सिद्ध झालं तर दुरुस्तीचा खर्च माझा. ३ ऑक्टोबरला परवानगीचं पत्र हातात आलं. ते घेऊन लिफ्टमध्ये उभी असताना डोळे भरून आले होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

उशीर झाला असं तेव्हा वाटत होतं. आता वाटतं, वेळ अगदी योग्य होती. मुंबईत बागेचं वर्ष जूनमध्ये सुरू करू नये, हस्ताचा पाऊस ओसरल्यावर करावं. शेताचं वर्ष मृगाने सुरू होतं, ते पाण्यासाठी. कुंडीतल्या कोवळ्या रोपाला मुंबईचा जुलै झेपत नाही. ऑक्टोबरात ऊन स्वच्छ असतं आणि पुढे चार महिने हवा हळूहळू थंड होत जाते. नवशिक्याचा हात याच काळात बसतो.

मिश्रणासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, थोडी लाल माती आणि भरपूर वाळलेली पानं असं प्रमाण ठेवलं. पानं फुकट मिळाली: आवारातल्या पर्जन्यवृक्षाची पानं झाडणारे काका पोत्यात भरून ठेवू लागले. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली, उन्हात खडखडीत वाळवली आणि पिशव्यांच्या तळाशी घातली. मुंबईत हा प्रयोग नवा नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाजीपाला आणि फळझाडं उभी केली ती तिथल्याच ओल्या कचऱ्यातून. त्यामागे वांद्र्याचे डॉ. दोशी आणि कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर, त्यांचा प्रयोग परिवार (शेतीचे प्रयोग करणाऱ्यांचं जाळं), यांचं काम आहे. मातीचं वजन कमी करून वाळलेल्या पाल्यातून माती घडवायची, ही वाट त्यांनी आधीच दाखवून ठेवली आहे. मिश्रण जमलं की नाही याची परीक्षा सोपी: ओलसर मिश्रणाची मूठ वळली तर लाडू वळावा आणि अंगठ्याने दाबताच तो फुटावा.

खर्चही सांगते. वीस पिशव्या १,८०० रुपये, दोन ड्रम कापून-भोकं पाडून २,८००, कोकोपीटच्या पाच किलोंच्या दहा विटा २,२००, दीडशे किलो गांडूळखत २,७००, लाल मातीची सहा पोती ७२०, बियाणं ६००, हिरवी जाळी, बांबू आणि दोऱ्या १,४००. सगळे मिळून साधारण बारा हजार, इंजिनिअरची फी आणि अनामत वेगळी. ड्रम घेताना आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा. खाद्यपदार्थांचे असतील तरच घ्या, रसायनांचे कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. भोकं तळाला न पाडता बुडापासून इंचभर वर, बाजूला पाडा. आणि प्रत्येक पिशवी विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते आणि गच्ची कोरडी राहते.

पहिलं पेरलं ते मुळा, मेथी आणि पालक. मुळ्याची ‘पुसा चेतकी’ ही जात उष्ण हवेतही येते. मेथीसाठी बाजारात फळांचे उथळ ट्रे मिळतात, त्यात तीन इंच वाळूमिश्रित थर पुरतो. मुंबईकर जिला समुद्रमेथी म्हणतात, ती इवल्या जुड्यांची मेथी अशीच वाळूत वाढते. दोन-अडीच आठवड्यांत काढायला येते आणि ट्रे पुन्हा मोकळा होतो. पहिल्या जुडीची मी डाळमेथी केली. एक वाटी सातव्या मजल्यावर गेली.

टोमॅटोबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबईत ‘फुलं येतात पण फळ धरत नाही’ अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. रात्रीचं तापमान चढं असलं की टोमॅटोची फुलं गळतात. मुंबईत रात्र विशीच्या खाली जाते ती डिसेंबर ते फेब्रुवारीत. त्या काळात झाड फुलावर यायला हवं, म्हणजे बी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला रुजवायचं आणि रोपं महिन्याची झाली की पिशवीत लावायची. मी घरच्या खिडकीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलं. पहिला तोडा जानेवारीत मिळाला, शेवटचा मार्चच्या सुरुवातीला. मधेच दोन रोपांची पानं मुरडायला लागली. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. ती रोपं उपटून पिशवीत बांधून खाली पाठवली, पिवळे चिकट सापळे टांगले आणि बाकीची वाचली.

वालपापडीने ड्रमवरचा मांडव डिसेंबरात भरून टाकला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने किनारपट्टीच्या हवेसाठी काढलेल्या जाती मिळाल्या तर जरूर घ्या: वालाची ‘कोकण भूषण’, कारल्याची ‘कोकण तारा’, दोडक्याची ‘कोकण हरिता’, पडवळाची ‘कोकण श्वेता’. दापोलीला जाणारं ओळखीचं कुणी असेल तर आधी सांगून ठेवायचं. फ्लॉवर आणि मटार यांच्या वाटेला मी गेले नाही. त्यांना हवी तशी थंडी इथे टिकत नाही.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरात भर दुपारीही तो मुंबईत क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेला असलेल्या टाकीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी उत्तरेला पडते. मेमध्ये तीच सावली दुपारी नाहीशी होते. १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो. म्हणून जागा मागण्याआधी सावलीचा अंदाज दोन्ही ऋतूंचा घ्या. ग्रिलमध्ये बाग करणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे: दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन येतं, उत्तरेच्या खिडकीत मे ते जुलै.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं झाडं, फुलं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरतं. जाऊन या. कुंडीत वाढवलेली फळझाडं तिथे डोळ्यांनी बघायला मिळतात, छाटणी कशी केली आहे ते जवळून कळतं आणि विक्रेते प्रश्नांना उत्तरं देतात. माझं कागदी लिंबू आणि ‘सरदार’ जातीचा पेरू ही दोन्ही कलमं ऑक्टोबरात ड्रममध्ये लावली होती. त्यांचा शेंडा कुठे मारायचा ते मी तिथे पाहून शिकले. इंजिनिअरने झाडाची उंची सहा फुटांच्या आत ठेवायला सांगितलं होतं, वाऱ्यासाठी.

उन्हाळा कठीण गेला. एप्रिल २०२४ च्या मध्यावर पारा ३९ अंशांच्या वर चढला. गच्चीची लादी सकाळी दहालाच चटके देत होती. पाणी मी घरून बादल्यांनी नेत होते: भाजी आणि तांदूळ धुतलेलं, एसीच्या नळीतून जमा झालेलं. लिफ्ट सातव्यापर्यंत, पुढे एक जिना. मार्चअखेरीला टोमॅटो, वांगी काढून अर्ध्या पिशव्या पाल्याने झाकून नुसत्या ठेवल्या होत्या, त्यामुळे निभावलं. लाल माठ, गवार आणि भेंडी एवढंच चालू ठेवलं. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग पांढऱ्या माशीमुळेच येतो. ‘परभणी क्रांती’ ही जात त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून तीच पेरली होती. पिठ्या ढेकणासाठी (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, दर आठ दिवसांनी, संध्याकाळी. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

१३ मेच्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला त्यात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. आमच्या गच्चीवर सावलीची जाळी एका बाजूने सुटून टाकीला गुंडाळली गेली होती. कुणाला काही झालं नाही, पण ती बातमी ऐकत असताना हातपाय गार पडले. दुसऱ्याच दिवशी समितीने गच्चीवरचं प्रत्येक उभं सामान तपासायचं ठरवलं आणि ते योग्यच होतं. आता जाळी डोक्यावर ताणत नाही. पिशव्यांवर तीन फुटी कमानी करून तिथेच चिमट्यांनी लावते. वाऱ्याची सूचना आली की पाच मिनिटांत उतरवता येते.

मेअखेरीला तलावांतला साठा आटला आणि ३० मेपासून ५ टक्के, ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात सुरू झाली. तेव्हा शेजाऱ्यांना बादल्या दिसत होत्या. मी सोसायटीच्या गटावर लिहून टाकलं की हे पाणी धुण्याचं आणि एसीचं आहे, हवं तर येऊन बघा. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या एसीचं पाणी बाटल्यांत भरून ठेवू लागल्या.

९ जूनला पाऊस आला. मुंबईतली त्याची सरासरी तारीख ११ जून. पावसाळ्याची तयारी मी मेमध्येच केली होती: पिशव्यांखालच्या सगळ्या बशा काढल्या, रिकामे ड्रम-डबे घरी नेले, ताडपत्री गुंडाळून ठेवली. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं जूनमध्ये गच्ची तपासायला येतात, साठलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या तर सोसायटीला नोटीस मिळते. ही माणसं आली तेव्हा मी सुट्टी घेऊन हजर राहिले. टॉर्च मारून प्रत्येक पिशवीची खालची बाजू पाहिली आणि गेली. सचिवांनी ती नोंद वहीत करून घेतली. पुढे नूतनीकरणाच्या वेळी हीच नोंद कामाला आली.

८ जुलैला पहाटे एक ते सकाळी सात या वेळात शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. पहाटे चारला जाग आली ती आवाजाने. रेनकोट घालून वर गेले. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांच्या तोंडांना मी तारेच्या टोपल्या बसवल्या होत्या, त्यात पानं अडकून एका बाजूला घोट्याएवढं पाणी चढलं होतं. हाताने पानं काढत राहिले, उजाडेपर्यंत. पाणी घुमत खाली जायला लागलं तेव्हा दार उघडून सातव्या मजल्यावरच्या काकू आल्या, हातात चहाचा थर्मास. म्हणाल्या, “छत बघून आले. कोरडं आहे.” आम्ही दोघी जिन्यात बसून चहा प्यायलो. गच्चीवर बाग असो वा नसो, मोठ्या पावसात ही तोंडं साफ करायला कुणीतरी वर जायला हवं. त्या रात्रीनंतर वॉचमनसाठी तशी पाळीच ठरली.

एवढ्या पावसात मिश्रणातलं खत धुऊन जातं, पानं पिवळी पडतात. उघडीप मिळाली की मूठभर गांडूळखत आणि निंबोळी पेंड घालायची. ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये पावसाळ्यात करड्या, जाड अळ्या होतात. त्या ब्लॅक सोल्जर नावाच्या माशीच्या, कचरा झपाट्याने संपवतात, झाडांना काही करत नाहीत. घाण वाटत असेल तर वाळका पाला वाढवा, आपोआप कमी होतात.

पावसाळ्यात मला खरा आनंद वेलांनी दिला. दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे ऑफिसातून परतणाऱ्या माणसाला सोयीची. नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचं. मादी फुलामागे बोटभर कोवळं फळ दिसतं, त्यावरून ओळखायचं. कारली आणि काकडी मात्र सकाळची. फळमाशीसाठी वेलांना क्यू-ल्युरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावला आणि प्रत्येक कोवळं कारलं कागदी पिशवीत बांधलं. अळूला काहीच करावं लागलं नाही. टाकीच्या सावलीजवळच्या दोन पिशव्यांनी श्रावणभर अळूवड्या आणि फदफदं पुरवलं.

लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या, लिंबाच्या फुलपाखराच्या. त्या मी कढीपत्त्याच्या झाडावर हलवल्या, तोही त्यांना चालतो. माकडांनी ऑगस्टमध्ये दोनदा हजेरी लावली आणि पेरूची बरीच कच्ची फळं नेली. उद्यानाच्या शेजारी राहायचं तर त्यांचा वाटा धरूनच लावायचं, असं माझं मत झालं आहे. गच्चीचं दार बंद ठेवायचं आणि खायला काही घालायचं नाही, एवढी काळजी मात्र सगळ्यांनी घ्यायची. मृगाला आलेल्या बहारातली उरलेली फळं ऑक्टोबरात पिकली.

सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सभेत नूतनीकरणाचा विषय होता. फाइलमध्ये लावले ते कागद: मूळ परवानगी, काकूंचं नवं पत्र (‘छतास ओल नाही’ असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं), जून आणि जुलैच्या नोंदी, खडूच्या रेषांचे आणि आजच्या मांडणीचे फोटो. दुसऱ्या वर्षाची मंजुरी लवकर झाली. इमारतीला यंदा तीस वर्षं पूर्ण झाल्यामुळे नव्या ऑडिटच्या वेळी सगळ्या कुंड्या तात्पुरत्या हलवायच्या, ही एक अट वाढली. हमीपत्राला मात्र या वेळी ५०० रुपयांचा मुद्रांक लागला, कारण ऑक्टोबरात राज्यात १०० आणि २०० चे मुद्रांक बंद झाले. नूतनीकरण असेल तर तेवढे पैसे धरून ठेवा.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी आणि काकूंनी मिळून पश्चिमेकडच्या बाजूसाठी अर्ज दिला आहे. इंजिनिअर पुढच्या रविवारी येऊन त्यांना बीमच्या रेषा आखून देणार आहेत. माझ्या टोमॅटोची रोपं खिडकीत चार पानांवर आली आहेत. पिशव्यांतलं जुनं मिश्रण उन्हात पसरून त्यात एक तृतीयांश नवं खत मिसळून झालं आहे. गेल्या वर्षी टोमॅटो होते तिथे या वेळी वाल आणि चवळी, आणि वालाच्या जागी टोमॅटो. लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.